किडीने खाल्लेली पोथी आणि कुशचा राजा

इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधील मेम्फिस येथील प्ताह देवाच्या मंदिरात एक जुना ग्रंथ राजाच्या दृष्टीस पडला. किडीने तो इतका खाल्ला होता की आरंभापासून अखेरपर्यंत त्याचा अर्थ लागेना. राजाने तो नव्याने लिहवला आणि पुन्हा किडीचे भय राहू नये म्हणून काळ्या, कठीण शिळेवर कोरून घेतला. हा वृत्तांत शिळेच्या वरच्या ओळींत राजाच्याच नावाने दिलेला आहे. राजाचे नाव शबाका. तो इजिप्तचा फॅरो होता, परंतु त्याचे कुळ इजिप्तचे नव्हते. नाईलच्या वरच्या अंगाला, चौथ्या प्रपाताजवळच्या नापाता परिसरातले, म्हणजे आजच्या सुदानातील कुश देशाचे ते घराणे होते.

ही शिळा १८०५ मध्ये लॉर्ड स्पेन्सर यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली आणि आजही ती तेथेच आहे. मी ती पाहिली तेव्हा रोझेटा शिळेभोवती माणसांचे कडे पडलेले होते, आणि शबाकाच्या शिळेपुढे मात्र मला हवा तेवढा वेळ एकट्याने उभे राहता आले. शिळा सव्वा मीटरहून अधिक रुंद आहे. तिच्या मधोमध चौकोनी भोक पाडलेले असून त्यापासून चहूबाजूंना चर गेले आहेत, आणि त्या भागातला मजकूर कायमचा पुसला गेला आहे. पुढच्या काळात कोणीतरी तिचा जात्याची तळी म्हणून वापर केला, असे पूर्वीपासून सांगितले जाते; खांबाखालचा पाया म्हणून ती वापरली असावी, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे. मूळ ग्रंथाविषयीही असाच मतभेद आहे. भाषेच्या जुनाट वळणामुळे तो पिरॅमिडकाळातला असावा असे एके काळी मानले जाई. आता अनेक अभ्यासकांना वाटते की तो बराच नंतरचा, कदाचित शबाकाच्याच काळातला असून जाणूनबुजून जुन्या भाषेत रचलेला आहे. तसे असेल तर माझ्या लेखी या शिळेचे महत्त्व वाढतेच. परदेशातून आलेल्या राजाने इजिप्तची सर्वांत जुनी भाषा इतक्या जाणकारीने लिहवून घ्यावी की पुढे अडीच हजार वर्षांनंतरही विद्वानांनी तिच्या वयावर वाद घालावा, हे वारसा जोपासण्याचे फार वेगळे उदाहरण आहे.

आणि मजकूर तरी काय आहे! अमेरिकी इजिप्तविद्यातज्ज्ञ जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९०१ मध्ये त्याचे महत्त्व प्रथम नीट उलगडून दाखवले. प्ताह देव सृष्टी घडवतो ती हृदयात विचार करून आणि जिभेने त्याचा उच्चार करून. डोळे पाहतात, कान ऐकतात, नाक श्वास घेते आणि ही सर्व वार्ता हृदयापर्यंत पोहोचवते. हृदय त्यातून निर्णय काढते आणि हृदयाने जे योजले त्याचा जीभ पुनरुच्चार करते, असा एकेक टप्पा त्यात मांडलेला आहे. देव, माणसे, गुरेढोरे, सरपटणारे जीव या सर्वांत हेच हृदय आणि हीच जीभ वावरते. ज्ञान इंद्रियांकडून कसे येते आणि विचारातून कृती कशी उपजते, याविषयीचे हे एक सुसंगत चिंतन आहे. ते नाईलच्या काठी लिहिले गेले आणि आफ्रिकेच्या आतल्या भागातून आलेल्या राजाने ते टिकवले. ‘प्राचीन इजिप्तचा आफ्रिकी विचारांशी संबंध काय’ या वादात उतरण्याआधी ही साधी घटना समोर ठेवावी असे मला वाटते, कारण त्या वादातले बहुतेक पक्ष तिला ओलांडून पुढे जातात.

कुश आणि इजिप्त यांचे नाते मात्र गोड नव्हते. तिसऱ्या प्रपाताजवळ केर्मा येथे कुशचे स्वतःचे बलाढ्य राज्य होते. इ.स.पू. १५०० च्या सुमारास थुतमोस पहिला याने त्यावर स्वारी केली, आणि त्यानंतर सुमारे चार शतके इजिप्तने कुशवर सुभेदारामार्फत राज्य केले. तेथले सोने उत्तरेला गेले. ‘हीन कुश’ हे विशेषण इजिप्तच्या शिलालेखांत इतक्या वेळा येते की तो लेखकांचा ठरीव शब्दप्रयोगच झाला होता. तुतनखामुनच्या थडग्यात सापडलेल्या एका पादत्राणांच्या जोडीवर हात बांधलेले न्युबियन, म्हणजे कुशच्या प्रदेशातले, आणि आशियाई कैदी दाखवलेले आहेत. पाऊल टाकताना राजाने रोज त्यांना तुडवावे, हा हेतू. इजिप्तच्या प्रत्येक फॅरोकडे आपला पूर्वज म्हणून पाहू इच्छिणाऱ्या आफ्रिकी वाचकाने ती चित्रे कोणाच्या नजरेने पाहावीत, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

याच राजवटीत जेबेल बरकल नावाच्या एकाकी खडकाळ टेकडीखाली इजिप्तच्या राजांनी अमुन देवाचे मंदिर बांधले. साम्राज्य मागे हटले, पण देव तेथेच राहिला. काही शतकांनी कुशच्या राजांनी त्याच अमुनचे नाव घेऊन उत्तरेकडे कूच केले, तेव्हा त्यांची भूमिका लुटारूंची नव्हती. इ.स.पू. ७२८ च्या सुमाराच्या मोहिमेचे वर्णन करणारा कुशच्या पिये राजाचा मोठा शिलालेख १८६२ मध्ये जेबेल बरकलला सापडला. त्यात राजा आपल्या सैन्याला बजावतो की थीब्सला पोहोचल्यावर आधी नदीत स्नान करून शुद्ध व्हा, स्वच्छ वस्त्रे नेसा आणि अमुनच्या शक्तीपुढे बढाई मारू नका. जिंकलेल्या हर्मोपोलिसच्या तबेल्यात उपाशी घोडे पाहून तो संतापतो आणि नगराच्या इतर कोणत्याही अपराधापेक्षा हा अपराध मोठा आहे असे म्हणतो. शरण आलेले उत्तरेचे राजे भेटीला येतात तेव्हा मासे खाणाऱ्यांना राजवाड्यात प्रवेश मिळत नाही. हे सोवळे वाचून कोकणातल्या वाचकाला हसू येईल, परंतु त्यामागचा दावा गंभीर होता. खुद्द इजिप्तमध्ये जो आचार शिथिल झाला आहे तो आम्ही दक्षिणेत शुद्ध ठेवला आहे, असे कुशचे राजे सांगत होते. ज्यांना जिंकून हा धर्म शिकवला गेला, तेच त्याचे कडवे राखणदार होऊन परत आले होते. परक्यांच्या राजवटीतून आलेली विद्या आपलीशी करून तिच्याच आधारे त्या परक्यांना जाब विचारण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी सुधारकांनी इंग्रजी विद्येचे वेगळे काय केले?

हे सर्व माहीत होऊनही इजिप्त आफ्रिकेपासून वेगळा कसा काढला गेला? माझ्या शाळेच्या इतिहासात इजिप्त मेसोपोटेमिया आणि सिंधू संस्कृतीच्या पंगतीला बसलेला होता आणि आफ्रिका भूगोलाच्या पुस्तकात, हस्तिदंत आणि विषुववृत्तीय अरण्ये यांच्यासोबत. ही विभागणी कोणी गुपचूप केलेली नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील व्याख्यानांत ‘खऱ्या आफ्रिके’ला इतिहास नाही असे ठरवले आणि इजिप्तला तिच्यातून काढून पौर्वात्य जगाच्या प्रकरणात नेऊन ठेवले. त्याआधी, १७८० च्या दशकात इजिप्त हिंडलेल्या व्होल्ने या फ्रेंच प्रवाशाने स्फिंक्सचा चेहरा पाहून आश्चर्याने लिहिले होते की आज ज्यांना आपण गुलाम करून ठेवले आहे त्यांच्याच पूर्वजांकडून आपल्याला कला आणि शास्त्रे मिळाली. गुलामगिरीवर पोसलेल्या समाजाला हे परवडणारे नव्हते. अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन यांनी १८४४ मध्ये इजिप्तमधील कवट्या मोजून प्राचीन इजिप्शियन लोक निग्रो नव्हते असा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी तो उचलून धरला. दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ओहायोतील एका महाविद्यालयात जाहीर व्याख्यान देऊन मॉर्टन यांच्या मांडणीवर टीका केली आणि इजिप्तशी आपल्या लोकांचे नाते आहे असे ठासून सांगितले. वादाचा आखाडा कातडीच्या रंगाचा झाला तो असा, आणि तो आखला होता दुसऱ्याच पक्षाने, हे विसरता कामा नये.

सेनेगलचे इतिहासकार शेख आन्ता दियोप (१९२३–१९८६) या आखाड्यात उतरले तेव्हा त्यांना ही आखणी ठाऊक होती. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या या तरुणाच्या प्रबंधाला सुरुवातीला परीक्षक मंडळ मिळाले नाही, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी आपली मांडणी थेट ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. डॉक्टरेट मिळायला १९६० उजाडले. प्राचीन इजिप्तची संस्कृती कृष्णवर्णीय आफ्रिकेची निर्मिती होती, आणि ग्रीस-रोमशी युरोपचे जे नाते आहे तेच नाते आफ्रिकेने इजिप्तशी जोडल्याशिवाय तिच्या मानव्यविद्या उभ्या राहणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दियोप केवळ वादपटू नव्हते. डाकारला त्यांनी कार्बन-कालमापनाची प्रयोगशाळा उभारली. सेनेगलच्या वोलोफ भाषेत आधुनिक शास्त्र मांडता येते हे दाखवण्यासाठी त्यांनी सापेक्षतावादावरील विवेचनाचे वोलोफमध्ये भाषांतर केले. त्यांच्या लिखाणातला हा भाग मला सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण त्यात पूर्वजांचा गौरव करण्यापेक्षा वारसदाराने करायचे काम दिसते.

त्यांच्या वादाची मोठी कसोटी २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी १९७४ या काळात कैरोत लागली. युनेस्कोच्या आफ्रिकेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी भरलेल्या त्या परिसंवादात दियोप आणि काँगोचे थेओफिल ओबेंगा एका बाजूला होते आणि युरोप, इजिप्त व सुदान येथील नामवंत अभ्यासक दुसऱ्या बाजूला. दियोप यांनी ममींच्या त्वचेतील रंगद्रव्य, ग्रीक लेखकांच्या साक्षी, शिल्पे असे पुरावे मांडले. ओबेंगा यांनी भाषांच्या तुलनेवर भर दिला. बहुसंख्य अभ्यासकांना त्यांचा निष्कर्ष पटला नाही. तरीही अहवालात एक नोंद आली, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे: या दोघांनी जितक्या कसोशीने तयारी केली होती तितकी तयारी इतर सहभागी अभ्यासकांनी नेहमीच केलेली नव्हती, त्यामुळे चर्चेचा तोल बिघडला. वर्षानुवर्षे विषय हातात असलेल्यांना तो नव्याने सिद्ध करावा लागेल असे वाटले नव्हते, असा याचा मला लागलेला अर्थ.

दियोप यांच्या उत्तरातले किती टिकले? वोलोफ आणि प्राचीन इजिप्शियन यांचे थेट नाते बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. परंतु इजिप्शियन भाषा ज्या कुळात मोडते त्या आफ्रो-आशियाई कुळात नायजेरियातील हौसा, इथिओपियातील ओरोमो, सोमाली आणि मोरोक्को-अल्जेरियातील बर्बर भाषा येतात, आणि या कुळाच्या अरबी-हिब्रू ज्यात मोडतात ती सेमिटिक शाखा वगळता इतर सर्व शाखा आफ्रिकेतच आहेत. दक्षिण इजिप्तमधील अबु सिंबेलच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर वाळवंटात नाब्ता प्लाया येथे, सहारा हिरवा होता त्या काळातल्या पशुपालकांनी उभ्या केलेल्या शिळा आणि समारंभपूर्वक पुरलेली गुरे सापडली आहेत. पाऊस आटल्यावर असे समूह नाईलकडे सरकले आणि फॅरोंच्या संस्कृतीला आकार देण्यात त्यांचाही वाटा होता, असे मानायला चांगला आधार आहे. जनुकशास्त्राने मात्र कोणत्याच पक्षाला मनासारखा कौल दिलेला नाही. २०२५ मध्ये इजिप्तमधील नुवैरात येथील, पिरॅमिडकाळाच्या आरंभीच्या एका माणसाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच्या वंशवारशाचा सुमारे चार-पंचमांश भाग उत्तर आफ्रिकेतील नवाश्मयुगीन लोकांशी जुळतो आणि उरलेला मेसोपोटेमियाच्या बाजूच्या लोकांशी. एका माणसावरून संपूर्ण देशाचे अनुमान काढू नये हे खरेच. पण हेगेलने ओढलेल्या रेषेला त्यातून आधार मिळत नाही आणि दियोप यांना अभिप्रेत असलेल्या एकरंगी इजिप्तलाही नाही.

दियोप यांच्यामागून आलेल्या काही लेखकांनी आणि काही समकालीनांनीही ताळतंत्र सोडले. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय लुटून ॲरिस्टॉटलने आपले तत्त्वज्ञान उभे केले, हा दावा अमेरिकेत आजही फिरतो. ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये वारला आणि ते ग्रंथालय त्याच्यानंतर टॉलेमी राजांनी उभारले. अशा दाव्यांनी मूळ प्रश्नाचेच नुकसान केले, कारण ज्यांना तो प्रश्न नकोच होता त्यांना तो हसण्यावारी नेण्याची सोय झाली.

आफ्रिकी तत्त्वज्ञांमध्येही या वारशाविषयी एकमत नाही. बेनिनचे पोलँ हुन्तोंजी यांनी १९७० च्या दशकात असे बजावले की एखाद्या जमातीच्या म्हणी आणि रूढी गोळा करून त्यांना ‘आफ्रिकी तत्त्वज्ञान’ म्हणू नये. तत्त्वज्ञान म्हणजे कोणा व्यक्तीने जबाबदारीने मांडलेला आणि दुसऱ्याला खोडून काढता येईल असा विचार. इजिप्तचे ग्रंथ या कसोटीपुढे ठेवून पाहावेत असे मला वाटते. पाचव्या राजवंशातील वजीर प्ताहहोतेपच्या नावावर असलेल्या उपदेशात सुरुवातीलाच सांगितले आहे की आपल्या विद्येचा गर्व धरू नकोस, जाणत्यांप्रमाणेच अजाणांचाही सल्ला घे, कारण कलेची सीमा कोणी गाठलेली नाही. पुढे येते की उत्तम वाणी हिरव्या रत्नाहून दुर्मीळ असते, तरी ती जात्यावर दळणाऱ्या दासींपाशी सापडते. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या भाषेत हे वाक्य वाचताना त्याला टीप जोडावी लागत नाही.

त्याहून पुढे जाते ती मध्य राज्यकाळातील बोलक्या शेतकऱ्याची कथा. खुनानुप आपली गाढवे लादून बाजाराला निघतो. वाटेवरचा एक मुजोर माणूस अरुंद पायवाटेवर मुद्दाम कापड पसरतो, गाढवाला शेताच्या कडेने जावे लागते, ते जवाचा एक घास घेते आणि तेवढ्या निमित्ताने त्याची गाढवे जप्त होतात. खुनानुप रेन्सी या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागतो. तो इतका सुंदर बोलतो की राजा गुपचूप आज्ञा देतो: त्याला उत्तर देऊ नका, बोलत ठेवा, आणि त्याचे बोलणे लिहून घ्या. त्याच्या घरी धान्य पोहोचते, पण त्याला ते कळू दिले जात नाही. नऊ वेळा तो अर्ज करतो, मध्ये मारही खातो, आणि प्रत्येक वेळी त्याची भाषा अधिक कठोर होते. तो अधिकाऱ्याला सांगतो की तू तराजू आहेस, तूच झुकलास तर माप कशाने करायचे. सत्य, न्याय आणि विश्वाची घडी या तिन्हींना मिळून इजिप्शियन लोक ‘मात’ म्हणत, आणि मातनुसार वागणे म्हणजे नाकातला श्वास आहे, असे हा शेतकरी म्हणतो. शेवटी त्याला न्याय मिळतो खरा, पण कथेचा खरा जोर मला दुसरीकडे दिसतो. सत्तेला गरिबाचे दुःख ऐकायला आवडते कारण ते सुरेख सांगितले आहे, हे कथाकाराने हेरले आहे आणि त्याने राजालाही त्यातून सोडलेले नाही. हुन्तोंजी यांना हवी असलेली टीका, सत्तेचीच नव्हे तर तिच्या रसिकतेचीही, येथे सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची सापडते.

मातच्या न्यायसभेत मृतात्म्याने कोणती पापे केली नाहीत हे सांगायचे असते. ‘मृतांच्या ग्रंथा’च्या १२५ व्या प्रकरणातील या यादीत, मी वाहते पाणी बांध घालून अडवले नाही, असेही एक विधान आहे. नाईलवरचे आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन लोकांची गावे गेली. अबु सिंबेलची मंदिरे कापून वर नेण्यासाठी जग एकत्र आले. न्युबियातील उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्वज्ञांचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली गेले होते. गावकऱ्यांना मात्र नदीपासून दूर, कोम ओम्बोच्या आणि खश्म अल गिर्बाच्या वसाहतींत पाठवण्यात आले. प्राचीन न्युबियाचे दगड वाचवण्यात आणि आजच्या न्युबियनांना हलवण्यात जो फरक केला गेला, त्यात वारसा कोणाचा मानला जातो याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे.

सुदानातल्या लोकांनी मात्र ते उत्तर मान्य केले नाही. २०१९ मध्ये ओमर अल बशीर यांच्या राजवटीविरुद्ध खार्तुमच्या रस्त्यांवर उतरलेल्या तरुणांची एक घोषणा होती: माझा आजोबा तहारका, माझी आजी कंदाका. तहारका हा शबाकाच्या घराण्यातला, इ.स.पू. ६९० ते ६६४ या काळातला फॅरो. कंदाका ही मेरोएच्या, म्हणजे कुशच्या नंतरच्या राजधानीतल्या, राण्यांची पदवी. त्यांच्यापैकी एकीच्या काळात कुशच्या सैन्याने रोमन इजिप्तवर हल्ला केला, आणि सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे तोडून आणलेले काशाचे मस्तक मेरोएच्या एका मंदिराच्या पायरीखाली पुरले गेले. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्याच्यावर पडावा, हा हेतू असावा. तुतनखामुनच्या पादत्राणांचा धडा कुशने असा गिरवला होता. वारशात असल्या गोष्टीही येतात. २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि खार्तुमच्या राष्ट्रीय संग्रहालयातील सोन्याची दालने लुटली गेली. हलवता न येण्याजोगा तहारकाचा प्रचंड पुतळा तेवढा जागेवर राहिला.

कैरोच्या १९७४ च्या बैठकीला खरे तर दोन विषय होते. इजिप्तच्या लोकांचा वंश हा एक, आणि मेरोएची लिपी हा दुसरा. पहिल्यावरचे भांडण सर्वांना आठवते, दुसऱ्याचे नाव क्वचित निघते. कुशने शेवटी इजिप्तची भाषा बाजूला ठेवली आणि तिच्या चिन्हांतून स्वतःच्या भाषेसाठी सुमारे तेवीस अक्षरांची लिपी घडवली. फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी १९११ च्या सुमारास त्या अक्षरांचे उच्चार लावले, त्यामुळे मेरोएचे शिलालेख मोठ्याने वाचता येतात, पण त्यांतले बरेचसे अजून समजत नाहीत. क्लोद रिली या फ्रेंच संशोधकांनी अलीकडे या भाषेचे नाते न्युबियन, एरिट्रियातील नारा, नुबा डोंगरातील न्यिमांग आणि चाड-दारफूरच्या सीमेवरील तामा या भाषांशी जोडले आहे. मेरोएच्या राण्यांनी काय लिहिले ते वाचायचे असेल तर या भाषांचे कोश आणि व्याकरणे आधी लिहावी लागतील, आणि त्या बोलणाऱ्यांपैकी अनेकांची गावे आज त्याच युद्धाच्या वाटेवर आहेत.